नुसती उभी राहणारी नर्स

तनया रडली नाही, ही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

ती रडणारी मुलगी आहे. सोसायटीतलं मांजर गाडीखाली गेलं तेव्हा ती जेवली नव्हती. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही तेव्हा रडली. नर्सिंग कॉलेजात शपथेच्या दिवशी सगळ्या मुली हातात पणत्या घेऊन उभ्या होत्या, तेव्हा हिची पणती आता विझणार असं मला मागच्या रांगेतून वाटत होतं. आणि परवा ती ड्यूटीवरून आली, चपला जागेवर ठेवल्या, म्हणाली, "आई, माझ्याविरुद्ध तक्रार झालीये. माफी लिहून द्यायचीये," आणि फ्रीज उघडून ताक आहे का ते बघायला लागली.

ताक होतं. ती ते प्यायली. पेला विसळून ठेवला.

तेव्हापासून ती तशीच आहे. जेवते, झोपते, कामावर जाऊन येते. विचारलं तर उत्तर देते. पूर्वी ती पेशंटांची नावं सांगायची, त्यांच्या घरची भांडणं सांगायची. कधी न पाहिलेल्या माणसांच्या तब्येतीची चौकशी आम्ही जेवताना करायचो. आता ती बेडचे नंबर सांगते.

माफीचा मजकूर हॉस्पिटलने टाइप करूनच दिला आहे. 'माझ्याकडून रुग्णाच्या भोजनाबाबत निष्काळजीपणा झाला' असं त्यात आहे. उद्या सकाळी गेल्यावर तिने त्यावर सही करायची. "सही केली की विषय संपला," ती म्हणते. मला तीच भीती वाटते. नोकरी राहील, पगार येईल, युनिफॉर्मला इस्त्री होईल, आणि त्यात ती नसेल.

मी लिहायला बसले आहे ते झोप येत नाही म्हणून. आणि तनया काय आहे, ते त्या एका वाक्याखेरीज आणखी कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.

नर्सिंगला जायचं तिने स्वतः ठरवलं. मेडिकल हुकलेल्या मुली जशा नाइलाजाने जातात तशीच गेली असं लोक समजले, आणि सुरुवातीला ते खरंही असेल. माझ्या नणंद कुसुमताई कसब्यात राहतात. त्या मुद्दाम बिबवेवाडीला आल्या, अभिनंदन करायला म्हणून.

"चार वर्षं?" त्या म्हणाल्या. "चार वर्षं काय शिकवतात गं? ताप बघायला?"

"थिअरी असते आत्या. नर्सिंगचे सिद्धांत असतात."

"सिद्धांत! उशी सारखी करण्याचा सिद्धांत. उद्या पोळी लाटायचाही निघेल."

"निघाला तर ताई, तुला पहिल्या बाकावर बसवू," तनयाचे बाबा पेपरमागून म्हणाले. कुसुमताईंच्या पोळ्या आमच्या घरात प्रसिद्ध आहेत, चांगल्या कारणासाठी नव्हे. ताईंनी चहा अर्धा ठेवला, पण रात्रीच्या जेवणाला थांबल्या.

मनातून मलाही तोच प्रश्न होता. मी अर्थशास्त्र घेऊन बीए झाले. नियम पाठ करायचे, पेपरात उतरवायचे आणि हॉलबाहेर पडताना विसरायचे, ही माझी सिद्धांतांशी ओळख. पहिल्या वर्षी तनया कपड्यांच्या घड्या घालताना पुटपुटायची, "माणूस, परिसर, आरोग्य, परिचर्या." या चार गोष्टींवर त्यांचं सगळं शास्त्र उभं आहे म्हणे. मला ते पाढ्यांसारखं वाटायचं. सुई टोचायला हात स्थिर हवा, तिथे परिसराची व्याख्या काय कामाची, असं मी एकदा म्हणालेही.

ती म्हणाली, "सुई टोचायला मलाही आठवड्यात आलं, आई. कधी टोचायची नाही ते कळायला थिअरी लागते."

हे वाक्य तिचं नव्हतं, पद्मजा मॅडमचं होतं. पद्मजा मॅडम त्यांना परिचर्येचे सिद्धांत शिकवायच्या. कडक बाई. वर्गात एखादी मुलगी व्याख्या घडाघडा म्हणाली की विचारायच्या, "छान. आता हे तुझ्या आजीला सांग, तिला कळेल असं." मॅडमनी त्यांना एका अमेरिकन बाईंचा सिद्धांत शिकवला होता आणि तनयाने तो मला कोथिंबीर निवडताना समजावून सांगितला. आजारी माणूस जे करूच शकत नाही, ते आपण करायचं. जे अर्धंमुर्धं करू शकतो, त्यात आपला हात लावायचा. आणि जे तो करू शकतो, फक्त त्याला वेळ लागतो, त्रास होतो, सांडतं, पडतं, ते त्यालाच करू द्यायचं आणि आपण शेजारी उभं राहायचं.

"तिसरं सोपं आहे की," मी म्हणाले.

"तिसरंच सगळ्यात अवघड आहे," ती म्हणाली.

ते कसं, ते एका संध्याकाळी कळलं. मॅडमनी वर्गात जोड्या पाडल्या होत्या. एकीचा उजवा हात ओढणीने अंगाशी बांधायचा, तिने डाव्या हाताने जेवायचं; दुसरीने बघत उभं राहायचं, मदत करायची नाही. तनयाला तो प्रयोग पुरेसा वाटला नसावा. घरी येऊन तिने माझ्याकडून हात बांधून घेतला आणि ताटावर बसली. वरण-भात कालवताना वाटी कलंडली. वरण टेबलावरून तिच्या मांडीवर गळायला लागलं. माझा हात आपोआप पुढे गेला.

"आई, नाही."

"अगं, नवा ड्रेस आहे."

"नाही म्हटलं ना. तू नर्स आहेस आत्ता. उभी राहा."

"मी नर्स नाहीये, मी तुझी आई आहे. आणि हे धुवायचं मला आहे."

तिचे बाबा म्हणाले, "भरव गं तिला, माझी मालिका चुकते या गोंधळात." तनया हसायला लागली, हसताना आणखी सांडलं. पण ती जेवली, शेवटच्या शितापर्यंत. मी शेजारी उभी होते आणि माझ्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. ते जेवण संपेपर्यंत मी दमले होते, काही न करता.

पास झाल्यावर तिला स्वारगेटजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी लागली. नाव लिहीत नाही. तिथल्या वॉर्डच्या इन्चार्ज राधा सिस्टर. पहिल्याच आठवड्यात तनयाने कुठल्यातरी पेशंटची परिचर्या योजना लिहिली, कॉलेजात लिहायची तशी, रकाने पाडून. राधा सिस्टरनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे हो तुझं. आता सात नंबरचं सलाईन संपलंय तेवढं बघतेस का? त्याला वाचता येत नाही."

तनयाने हे घरी नक्कल करून सांगितलं होतं. राधा सिस्टर तिला आवडायच्या. त्या वाईट बाई नाहीत, हे मीही लिहून ठेवते. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डला दोघी असतात. पेशंटला भरवलं तर पटकन होतं. तो हाताने जेवेपर्यंत शेजारी उभं राहायचं तर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. बघणाऱ्याला मात्र उलटं दिसतं. भरवणारी काम करताना दिसते आणि उभी राहणारी रिकामी.

तरी तनया जमेल तिथे उभी राहायची. एका बाईंना ऑपरेशननंतर स्वतःची वेणी स्वतः घालायला तिने सबंध दुपार दिली होती, म्हणजे सलाईन बदलायला जाता-येता. त्यांच्या मुलीने फणी हातात घेतली की ही म्हणायची, "ताई, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या." अशी वर्षं गेली. तिला कंटाळा नव्हता. घरी येऊन ती बोलत बसायची आणि मी म्हणायचे, आता झोप बाई.

मग उत्तरेश्वरकाका आले.

बार्शीकडचे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झालेले. उजव्या अंगावरून वारं गेलं म्हणून मुलगा त्यांना पुण्याला घेऊन आला. मुलगा दिग्विजय इथेच कंपनीत आहे, कात्रजला राहतो. आठवडाभर तो कामावर आणि काकांजवळ द्वारकाकाकू, त्यांची बायको.

मी द्वारकाकाकूंना भेटले आहे. तनया डबा विसरली होती, तो द्यायला गेले तेव्हा वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर त्या बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे त्यांना बाहेर बसवलं होतं.

"तुमचीच का हो ती पोरगी?" त्यांनी विचारलं. "लई हट्टी हाय."

"काय केलं तिने?"

"मालकास्नी हातानं जेव म्हंती. चमच्याला पट्टी गुंडाळून दिली, जाड व्हावा म्हणून. मी म्हटलं, अगं बाई, मी बसलेय की धडधाकट. मी असताना त्येंनी हातानं जेवायचं? लोक काय म्हंतील, बायकू मेली का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला म्हंती, काकू, तुम्ही भरवलं तर काका जेवतील. पर तुम्ही नसला तेव्हा काय? मी म्हटलं, मी कुठं चाललेय? तर म्हंती, बघा बरं, खात्री हाय का?"

आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. निघताना त्यांनी माझा नंबर मागितला. इथे ज्वारीची भाकरी कुठे चांगली मिळते ते कुणी सांगत नव्हतं, आणि मी सांगितलेल्या दुकानावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. नाही मिळाली तर मला जाब विचारायचा होता. त्यांनी मिस्ड कॉल दिला, मी नाव साठवलं.

तनयाने सगळं रीतीने केलं होतं. काकांना गिळता येतंय ना ते डॉक्टरांनी आधी तपासलं होतं. पाठ सरळ करून बसवायचं, घास मऊ द्यायचा, लुळ्या बाजूला स्वतः उभं राहायचं. काकूंना बाहेर पाठवायच्या आधी तिने त्यांना हे कशासाठी ते समजावलं होतं, अगदी पद्मजा मॅडमच्या आजीच्या कसोटीला उतरेल असं. काका सांडायचे, चिडायचे, चमचा टाकून द्यायचे. ती चमचा धुऊन परत हातात द्यायची. एक दिवस तिने घरात शिरताशिरताच सांगितलं, "आज अर्धी वाटी!" कोणाची, काय, ते विचारावं लागलं नाही.

रविवारी दिग्विजय आला. जेवणाची वेळ होती. त्याने दारातून पाहिलं, वडिलांच्या शर्टवर खिचडी सांडली आहे, हात थरथरतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि नर्स हात मागे बांधून नुसती उभी आहे. आई बाहेर बाकावर. त्याने फोन काढून व्हिडिओ घेतला.

"तुम्हाला दिसत नाहीये का?" तो ओरडला. "माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी अंगावर सांडलेलं नाही. ड्यूटीवरून आले तरी शर्टला सुरकुती नसायची. पैसे भरतो आम्ही इथे, आणि तुम्ही तमाशा बघताय?"

तनया म्हणाली, "हा उपचाराचा भाग आहे, सर."

"काय भाग? नाही भरवायचं, हा उपचार?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. सिद्धांत, स्वतःची काळजी स्वतः घेण्याची क्षमता, असं काहीतरी ती बोलली. चिडलेल्या माणसापुढे ते पुस्तकासारखं वाजलं असणार. तिचंच म्हणणं आहे हे. द्वारकाकाकू आत आल्या, मुलाकडे बघितलं, त्याच्या वडिलांकडे बघितलं, आणि चमचा घेऊन भरवायला बसल्या. काकांनी तोंड उघडलं.

तक्रार लेखी आली, व्हिडिओसकट. काकांना घरी सोडलं गेलं. मेट्रननी तनयाला बोलावून घेतलं. "तुझं पुस्तक बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण व्हिडिओत पुस्तक दिसत नाही ना." राधा सिस्टर तिच्या बाजूने एक वाक्य बोलल्या, "मुलगी कामचुकार नाही." दुसरं बोलल्या नाहीत. त्यांनाही वॉर्ड चालवायचा आहे.

हे सगळं मला तिने सलग सांगितलेलं नाही. तुकड्यातुकड्याने काढून घेतलं आहे, ताट वाढताना, दिवा घालवताना. ती सांगते तेव्हा दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगते.

आज दुपारी मी विचारलं, "तुला वाटतं का, तुझं चुकलं?"

ती नखं कापत होती. "चुकलं."

"काय चुकलं?"

"काकूंना समजावलं, मुलाला नाही. तो रविवारी येणार हे माहीत होतं. आमच्या पुस्तकात माणूस आणि परिसर असतो. काकूंना मी परिसरात धरलं होतं. त्याला धरलंच नाही." नखं कागदात गोळा करून तिने पुडी केली. "ज्या बाईंनी तो सिद्धांत लिहिला ना, त्यांच्याकडे वॉर्डात नातेवाईक झोपायला नसतात. इथे भरवणं म्हणजे माया. मी मायेच्या आड उभी राहिले."

"मग तसं लिही. निष्काळजीपणा झाला असं कशाला?"

"टाइप करून दिलंय, आई."

"पद्मजा मॅडमना फोन करू का मी?"

"मॅडम काय करणार? मार्क वाढवणार?"

हा जुना तनयाचा टोमणा होता, पण आवाज नवीन होता, सपाट. मग तिने विचारलं, "संध्याकाळी काय आहे?" मी म्हणाले, "खिचडी." ती "बरं" म्हणाली. खिचडी हा शब्द ऐकून तिला काहीतरी व्हायला हवं होतं. मला झालं.

पुडी टाकून आल्यावर ती म्हणाली, "कुणाला फोन करू नकोस. त्या घरी तर मुळीच नको. नातेवाइकांना फोन केला असं कळलं तर माफीवर भागणार नाही."

म्हणजे तिच्या मनात ते घर होतं. नंबर माझ्याकडे आहे हे तिला माहीत आहे.

जेवणं झाल्यापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करते आहे. सिद्धांत नसता तर तनया त्या दिवशी खरंच नुसती उभी असती. तेच हात, तीच जागा, तेच सांडणं. फरक तिच्या डोक्यात काय चाललं होतं एवढाच. तो फरक बाहेरून दिसत नाही. व्हिडिओत येत नाही. आणि आता ज्या कागदावर ती सही करणार आहे, तो कागद म्हणतो की तो फरक नव्हताच. मला वाटतं, तिने ते मान्य केलं आहे. माफी मागायला माझी हरकत नाही. दिग्विजयची माफी मागायला हवीच. वडिलांना रडताना बघितलं त्याने. पण मान्य केल्यावर मुलगी ज्या पद्धतीने गप्प होते, तशी ती गप्प आहे.

आणि एक गोष्ट तिने विचारलेली नाही. काका आता कसे जेवतात. पूर्वी सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन करून वॉर्डात विचारायची, अमक्यांनी पाणी घेतलं का, तमक्या चालल्या का. या वेळी नाही. ती भीतीने विचारत नसेल. काकूंनी पुन्हा भरवायला घेतलं असेल आणि काकांचा हात मांडीवर तसाच पडून राहिला असेल, तर सगळंच व्यर्थ गेलं. तसं असण्याची शक्यता जास्त आहे. मीही तेच केलं असतं, नवऱ्यासाठी. पण न विचारता सही करणं म्हणजे ते तसंच आहे असं धरून चालणं. खरं काय आहे एवढं तरी तिला कळलेलं असावं, मग सही करो न करो. ते तिचं ती बघेल. विचारणं मात्र आज तिच्याने होत नाहीये.

सकाळी ती आंघोळीला गेली की मी द्वारकाकाकूंना फोन करणार आहे. तक्रारीबद्दल बोलणार नाही, मुलाला सांगा वगैरे म्हणणार नाही. त्यांना त्या घरात राहायचं आहे. फोन दिग्विजयने उचलला तर त्याच्याशीही बोलेन, माझं नाव सांगेन, तनयाची आई म्हणून सांगेन. त्यातून जे निघेल ते निघो. काकूंनी उचलला तर भाकरी मिळाली का ते विचारेन, आणि मग काका स्वतःच्या हाताने जेवतात का, तेवढंच. हो म्हणाल्या तर हो, नाही म्हणाल्या तर नाही, जे असेल ते तिला डोकं पुसत बाहेर आल्याबरोबर सांगणार आहे.